गोठ्यातील गांधीलमाश्यांचे पोळे : खुणा, जाळी आणि राणीचा शोध

ज्यांना गोठ्यातील किंवा पडवीतील गांधीलमाश्यांचे पोळे न जाळता काही महिने नीट पाहायचे आहे, त्यांच्या उपयोगासाठी ही नोंदवही केवळ खाडाखोड काढून येथे देत आहे. आमचे गाव हिंगणघाट तालुक्यात आहे, मी जवळच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि या कामात नववीत गेलेली माझी पुतणी बरोबर होती. पोळ्यातली राणी, म्हणजे अंडी घालणारी माशी, कोणती हे ओळखायचे, एवढाच आमचा हेतू होता. त्याला पंधरा दिवस पुरतील असे मला वाटले होते. वही बंद करायला ऑक्टोबर उजाडला.

२७ मे

गोठ्याच्या टिनाखाली, सागाच्या मयालीच्या (आडव्या तुळईच्या) खालच्या अंगाला, जमिनीपासून साडेसात फुटांवर एक पोळे सापडले. त्याला क्रमांक १ दिला. कडब्याच्या खोलीच्या चौकटीवर दुसरे, त्याहून लहान पोळे आहे. ते क्रमांक २. दोन्ही पोळी राखाडी कागदाची, एकाच बारीक देठाने लटकलेली, आणि त्यांचे कप्पे खालून उघडे आहेत. वरून आवरण नसल्यामुळे आत काय चालले आहे ते नुसत्या डोळ्यांनी दिसते, म्हणून मधमाश्यांपेक्षा हे काम सोपे जाईल असा माझा समज झाला. पोळे क्रमांक १ मध्ये ४६ कप्पे मोजले.

वहीच्या पहिल्या पानावर मी या माशीचे नाव पॉलिस्टिस (कागदी पोळे बांधणारी दुसरी एक गांधीलमाशी) असे लिहिले होते, ते आज खोडले. पॉलिस्टिसचे पोट चातीसारखे दोन्हीकडे निमुळते असते. आमच्या माशीच्या पोटाचा पहिला खंड बारीक दांडीसारखा, दुसरा घंटेसारखा मोठा आणि उरलेले खंड त्या घंटेच्या आत सरकून बसलेले आहेत. रंग तांबूस तपकिरी, पोटावर पिवळी कडा, लांबी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास. ही रोपॅलिडिया मार्जिनाटा होय. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी याच जातीवर कित्येक दशके काम केले आहे. ही माशी दक्षिण भारतात सर्वत्र आढळते आणि तिची पोळी वर्षभर चालू राहतात, त्यामुळे काम कोणत्याही महिन्यात सुरू करता येते. मी मात्र मे महिना निवडून चूक केली, कारण दुपारी टिनाखाली उभे राहणे माणसाला अशक्य होते. माश्या तेवढ्या उन्हातही जनावरांच्या हौदातून पाण्याचे थेंब आणून कप्प्यांच्या कडांवर ठेवतात आणि पंखांनी वारा घालतात.

२९ मे

दोन दिवस सकाळी दहा वाजता मोजणी केली, तेव्हा ९ आणि ११ माश्या भरल्या. आज रात्री साडेआठला टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद चढवून पुन्हा मोजले, तर १९ निघाल्या. लाल उजेड या माश्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून त्या जागच्या हलत नाहीत. दिवसाची मोजणी म्हणजे घरी राहिलेल्यांची मोजणी, ही साधी गोष्ट लक्षात यायला दोन दिवस गेले. यापुढे शिरगणती रात्रीच करायची.

१ जून

खुणा करण्याचा पहिला प्रयत्न पूर्णपणे फसला. हार्डवेअरच्या दुकानातून ऑइलपेंटच्या चार लहान डब्या २२० रुपयांना आणल्या, रंग पातळ व्हावा म्हणून त्यात थोडे रॉकेल घातले आणि पहाटे पाच वाजता, माश्या सुस्त असताना, खराट्याच्या काडीने पाठीवर ठिपके द्यायला सुरुवात केली. पातळ रंग पाठीवर न थांबता पंखांच्या बुडाशी ओघळला. दोन माश्यांचे पंख चिकटून त्या खाली पडल्या आणि मुंग्यांनी नेल्या. तिसरीने तो ठिपका मागच्या पायांनी पुसून सगळ्या अंगाला फासला. तिथेच काम थांबवले. रात्रीची संख्या १७ झाली.

४ जून

उपाय पुतणीने सुचवला. तिचे नेलपॉलिश अर्ध्या मिनिटात वाळते आणि ओघळत नाही. पाच रंगांच्या बाटल्या १५० रुपयांना आणल्या. बाटलीतला ब्रश फार जाड पडतो, म्हणून खराट्याच्या काडीचे टोक ब्लेडने तासून त्यावर मोहरीएवढा थेंब घ्यायचा आणि मागच्या बाजूने येऊन छातीच्या पाठीवर अलगद टेकवायचा. माशीला पकडायचे नाही, काडी डोळ्यांसमोरून न्यायची नाही, आणि तोंडावर रुमाल बांधायचा, कारण आपला श्वास पोळ्यावर गेला की सगळ्या माश्या एकदम पंख उभारून सावध होतात. दोन पहाटांत १७ पैकी १६ जणींना खुणा झाल्या. एका ठिपक्याच्या पाच, दोन ठिपक्यांच्या बाकीच्या. राहिलेल्या एकीला "कोरी" असेच नाव ठेवले.

११ जून

कप्प्यांच्या आत पाहण्यासाठी चाळीस रुपयांचा दाढीचा आरसा बांबूच्या कामटीला बांधला. आरशावरून उन्हाची तिरीप नेमकी पोळ्यावर पडली आणि तीन माश्या सरळ माझ्या मनगटावर आल्या. वहिनींनी चुना लावला. त्याने थंड वाटले, यापलीकडे काही झाले असेल असे मला वाटत नाही. या माशीचा डंख मधमाशीसारखा कातडीत राहत नाही, त्यामुळे काढायचे काही नसते, मात्र तीच माशी पुन्हा डंख करू शकते. सूज दुसऱ्या दिवशी उतरली. ज्याला पूर्वी अशा डंखाने चेहरा सुजणे किंवा धाप लागणे असा त्रास झाला असेल, त्याने या कामात पडू नये. आणि काम करताना तसे झालेच, तर चुना लावत न बसता तत्काळ दवाखाना गाठावा.

१३ जून

काल संध्याकाळी आरशाची कामटी पोळ्याला टेकवून ठेवली आणि तशीच विसरलो. सकाळी तिच्यावरून मुंग्यांची रांग थेट कप्प्यांत शिरलेली दिसली. कडेच्या सहा कप्प्यांतील अंडी आणि लहान अळ्या गेल्या होत्या आणि माश्या मधल्या भागात दाटीने उभ्या राहून पंख फडफडवत होत्या. कागदी पोळे एकाच बारीक देठावर लटकवण्यामागे हेच कारण आहे: मुंग्यांना यायला तेवढी एकच वाट राहते, आणि माश्या पोटाखालच्या ग्रंथीतील मुंग्यांना नकोसा वाटणारा स्राव त्या देठावर चोळत असतात. ती सगळी तजवीज मी एका कामटीने निकामी केली. पोळ्याला किंवा त्याच्या देठाला काहीही टेकवू नये, हे मी आता मयालीवर खडूने लिहून ठेवले आहे.

१२ ते २० जून

रोज सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सहा असे निरीक्षण केले. कोण कोणाला टोचते, कोण दबून बसते, कोण बाहेरून काय आणते, याच्या खुणा रकान्यांत घातल्या. नऊ दिवसांत "लाल" हिने इतरांना ४१ वेळा टोचले किंवा खाली दाबले. तिच्या खालोखाल असलेल्या "निळ्या"चे आकडे याच्या निम्मेही नाहीत. लाल हीच राणी, असे मी वहीत ठळक अक्षरांत लिहिले आणि शाळा सुरू होण्यापूर्वी काम संपल्याच्या आनंदात दोन दिवस निरीक्षणालाच गेलो नाही.

२३ जून

लाल ही राणी नाही. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी "पांढरी" एका रिकाम्या कप्प्यात पोटाचा शेवट घालून जवळजवळ पाच मिनिटे निश्चल बसली. ती बाजूला झाल्यावर आरशात पाहिले, तर तळाशी पांढुरके, लांबट अंडे चिकटलेले होते. दुपारी तिने दुसऱ्या कप्प्यात तेच केले. त्यानंतर पूर्ण दोन दिवस मी तिच्यावरच नजर ठेवली आणि दुसऱ्या कोणत्याही माशीने अंडे घातले नाही.

पांढरीची नऊ दिवसांची पाने उलटून पाहिली. टोचणे शून्य, टोचून घेणे शून्य, बाहेर जाणे एकदाच, तेही काही मिनिटे. "पोळ्यावर पोटाचा शेवट घासत फिरते" असे मात्र अकरा वेळा लिहिलेले आहे. तिला खाज सुटत असावी असे समजून मी ते सोडून दिले होते. खरे तर राणी स्वतःच्या ग्रंथीतील रसायन अशा घासण्याने पोळ्यावर पसरवते आणि ती घरात आहे हे इतरांना त्यावरून कळते. त्यासाठी तिला कोणाच्या अंगावर जावे लागत नाही. रोपॅलिडियाच्याच सायथिफॉर्मिस या जातीत राणी दांडगाई करते, मार्जिनाटाची राणी करत नाही. माझी चूक माशी पाहण्यात झालेली नाही. जी सर्वांत जास्त हात उगारते तीच घर चालवत असणार, हे मी आधीच गृहीत धरले होते. पुतणीचे म्हणणे असे, की काकांनी हे आजीकडे पाहून तरी ओळखायला हवे होते.

मग लाल काय करत होती? तिने टोचलेल्या ४१ पैकी ३० वेळा समोरची माशी बाहेरून अन्न आणणाऱ्यांपैकी होती आणि बऱ्याचदा टोचल्यानंतर ती उडून गेली. घरात राहणाऱ्या कामकरी माश्यांनी बाहेर जाणाऱ्यांना असे हुसकावणे हा या जातीत अन्न आणवून घेण्याचा मार्ग आहे. लाल ही मुकादम होती, मालकीण नव्हती.

२८ जून

पाऊस लागला, पेरण्या सुरू झाल्या, शाळाही उघडली. यापुढे निरीक्षण सकाळी एक तासच होईल.

७ जुलै

पांढरीने २३ जूनला घातलेले अंडे काल फुटले, म्हणजे १३ दिवस लागले. अळी कप्प्यात डोके खाली करून लटकते आणि माश्या तिला चावून मऊ केलेल्या अळ्यांचा गोळा भरवतात. सोयाबीनवर उंटअळी आलेली आहे आणि पोळ्यावर येणारे बहुतेक गोळे हिरवे आहेत. मोठी माशी स्वतः मांस खात नाही. तिला मधुरस, फळांचा रस आणि अळीच्या तोंडातून मिळणारा लाळेचा थेंब चालतो. म्हणून अन्न भरवून झाल्यावरही माशी अळीच्या तोंडाशी बराच वेळ रेंगाळताना दिसते.

कागद कुठून येतो हेही आज सापडले. "निळी-पिवळी"चा माग काढत गेलो, तर ती कुंपणालगतच्या पराट्यांच्या (कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या) ढिगावर बसून जुन्या, पावसाने पांढऱ्या पडलेल्या पराटीचा पापुद्रा जबड्याने उलट्या दिशेने सरकत खरवडत होती. तो लाळेत कालवून केलेला गोळा ती पोळ्यावर आणते आणि कप्प्याच्या कडेवर पातळ पट्टीसारखा पसरवते. ओल्या तुराट्यांना तिने तोंडही लावले नाही. फ्रान्समधील रेओम्यूर यांनी १७१९ मध्ये, कागद चिंध्यांऐवजी लाकडापासून करता येईल असे गांधीलमाश्यांकडे पाहूनच सुचवले होते. त्यांनाही असाच एखादा ढीग सापडला असावा.

तरुण माश्या घरातच राहून अळ्यांना भरवतात, मग बांधकामाला लागतात, पुढे लगदा आणि शेवटी अन्न आणायला बाहेर पडतात, असा साधारण क्रम माझ्या रकान्यांतही दिसतो, पण तो काटेकोर नाही. "कोरी" पहिल्या दिवसापासून फक्त अन्नच आणते आहे.

१८ जुलै

शेजारच्या शेतात काल सोयाबीनवर फवारणी झाली. रात्रीच्या मोजणीत २१ ऐवजी १५ माश्या भरल्या. न आलेल्या सहाही अन्न आणणाऱ्या होत्या आणि त्यांत "कोरी"ही होती. ज्यांची शेती आहे त्यांनी फवारणी करू नये असे मी म्हणू शकत नाही, मीही करतो. आमच्या शेतात मात्र संध्याकाळी उशिरा, माश्या घरी परतल्यावर फवारायचे असे ठरवले आहे. तीन दिवस अळ्यांची उपासमार झाली. नंतर घरातल्या दोघी बाहेर जाऊ लागल्या.

२३ जुलै

आजचा दिवस वाईट गेला. शाळेतून आलो तेव्हा गोठ्यात काळी, पोटावर रुंद पिवळा पट्टा असलेली मोठी गांधीलमाशी, व्हेस्पा ट्रॉपिका, पोळे क्रमांक २ वर बसून कप्पे एकामागून एक फाडत होती. रोपॅलिडियाच्या सगळ्या माश्या पोळे सोडून चौकटीवर आणि भिंतीवर नुसत्या बसल्या होत्या. एकीनेही प्रतिकार केला नाही. मला तो भ्याडपणा वाटला आणि मी चपलेने त्या मोठ्या माशीला हाकलले. वीस मिनिटांत ती परत आली. एकदा पोळे सापडले, की ते रिकामे होईपर्यंत ती फेऱ्या मारते. अंधार पडेपर्यंत क्रमांक २ मध्ये अळी आणि कोश उरले नाहीत. क्रमांक १ मधूनही तिने नऊ कोश आणि बहुतेक मोठ्या अळ्या नेल्या होत्या. अंड्यांना तिने हात लावला नाही.

माश्या लढल्या नाहीत याचा विचार रात्री केला. दुप्पट लांबीच्या शत्रूपुढे पंधरा जणी मेल्या असत्या तर अंडी सांभाळायला कोणी उरले नसते. आता त्या सगळ्या, पांढरीसह, पोळ्यावर परत आलेल्या आहेत.

२४ ते ३० जुलै : जाळीचे काम

बंगळूरच्या प्रयोगशाळेत पोळी ज्या खोलीत ठेवतात तिची जाळी साडेसात मिलिमीटरची असते: रोपॅलिडिया त्यातून ये-जा करते, व्हेस्पा ट्रॉपिका आत येऊ शकत नाही. हे मला ठाऊक होते, तरीही मापाची जाळी शोधण्याऐवजी बाजारात जी मिळाली ती आणली. त्याची शिक्षा पुढीलप्रमाणे मिळाली.

पहिली जाळी अर्धा इंचाची, ३८० रुपयांची. घरातल्या सागाच्या पट्ट्यांची तीन फूट लांब, तीन फूट रुंद चौकट करून ती मयालीखाली लटकवली आणि चारही बाजू जाळीने बंद केल्या. २६ तारखेला मोठी माशी जाळीवर बसली, पंख मिटले आणि सावकाश चालत आत आली. पुतणीने तिला वहीच्या पुठ्ठ्याने बाहेर काढले.

दुसरी जाळी पाव इंचाची, ४२० रुपयांची. तिने शत्रू थांबला, पण घरच्या माश्याही अडल्या. रिकाम्या तोंडाने त्या अंग चोरून आत जात. तोंडात अळीचा किंवा लगद्याचा गोळा असला की त्या तारेला अडकून गोळा खाली टाकत. दीड दिवसात चौकटीखाली असे ११ गोळे वेचले.

तिसरी जाळी धान्य चाळण्याच्या यंत्राला लावतात ती विणलेली, दुकानदाराच्या भाषेत आठ मिलिमीटरची. शाळेतला व्हर्नियर कॅलिपर सोबत नेला होता. तारेची जाडी वजा जाता खुली जागा साडेसातच्या किंचित खाली भरली. तिला ६५० रुपये पडले. पहिल्या सकाळी माश्या जाळीपुढे गोंधळून घिरट्या घालत राहिल्या, दुपारपर्यंत दोघींनी वाट शोधली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या जाळीवर उतरून, चालत आत जाऊन, पुन्हा उडू लागल्या. मोठी माशी ३० तारखेला दोनदा आली, चौकटीभोवती फिरली आणि निघून गेली.

आजवरचा एकूण खर्च १,८६० रुपये झाला. त्यातले १,०२० रुपये रंग आणि दोन चुकीच्या जाळ्या यांत वाया गेले, आणि शाळेचा एक आठवडा मी वर्गात उभा राहून जाळीचाच विचार केला, तो वेगळा. कोणी हे करणार असेल तर त्याने कॅलिपर घेऊन थेट चाळणीच्या दुकानात जावे आणि चौकटीची एक बाजू बिजागरीवर ठेवावी. मी ती चारही बाजूंनी ठोकून टाकली होती. त्याचा परिणाम पुढच्या नोंदीत आहे.

१२ ऑगस्ट

ठिपके पुसट झाल्यामुळे पहाटे नव्याने खुणा करायच्या होत्या. जाळीला दार नसल्याने एक बाजू खिळ्यांसकट उपटावी लागली. हादऱ्याने माश्या उठल्या आणि ती बाजू परत बसवताना पांढरी पट्टी आणि मयाल यांच्यामध्ये चिरडली गेली. राणी क्वचितच जागा सोडते. आज तिने सोडली ती माझ्या हातोडीमुळे. पुतणी दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

तरीही घड्याळ लावून बसलो, कारण हे पुन्हा पाहायला मिळणार नव्हते आणि मुद्दाम करण्याची माझी इच्छाही नव्हती. पुढची राणी कोण यावर आम्ही जुलैतच दहा रुपयांची पैज लावली होती: मी "लाल"वर, पुतणी "पिवळी"वर. सकाळी ६ वाजून ५ मिनिटांनी राणी गेली. साडेसहापर्यंत "हिरवी" हिने पोळ्यावर थैमान घातले. जी सापडेल तिला टोचायचे, पाठीवर चढून दाबायचे, पंख ओढायचे. पहिल्या तासात तिच्या नावापुढे ६७ खुणा पडल्या. जूनच्या तक्त्यात हीच हिरवी टोचण्यात सातव्या क्रमांकावर होती आणि तिच्याविषयी माझ्याकडे "विशेष काही नाही" एवढाच शेरा आहे. लाल गप्प बसून मार खात होती. वारसदार कोण हे राणी असताना बाहेरच्या माणसाला ओळखता येत नाही, असे बंगळूरच्या प्रयोगांतूनही दिसले आहे. माश्यांना ते कळत असावे, कारण दुसरी कोणीही हिरवीच्या आड आली नाही.

१३ ते २० ऑगस्ट

हिरवीची आक्रमकता रोज घटत गेली: पहिल्या तासात ६७, दुसऱ्या दिवशी तासाला ४०, पाचव्या दिवशी १२, आठव्या दिवशी २. आठव्या दिवशी, २० तारखेला सकाळी, तिने १४ क्रमांकाच्या कप्प्यात पहिले अंडे घातले. त्यानंतर ती पोटाचा शेवट पोळ्यावर घासत फिरू लागली. पैजेचे वीस रुपये कोणाचेच न झाल्यामुळे त्यांची जिलेबी आणली.

एक प्रश्न मात्र उरतो. मधमाश्यांप्रमाणेच या माश्यांतही फलन न झालेल्या अंड्यातून नर निघतो. हिरवीचे कोणत्याही नराशी मीलन झालेले नसेल तरी ती अंडी घालू शकते, पण त्या अंड्यांतून फक्त नर निघतील. नर आठवडाभरात पोळे सोडून जातात, काम करत नाहीत, आणि अशा पोळ्याला पुढे हात उरत नाहीत. अंडे पाहून हे कळत नाही. कप्प्यांना क्रमांक देऊन आलेखाच्या कागदावर पोळ्याचा जो नकाशा काढला आहे, त्यात १४ क्रमांकाच्या कप्प्याभोवती लाल गोल केला आहे.

१ सप्टेंबर

उद्या पोळा. आमच्या सालगड्याने गोठा झाडून, चुना कालवून तयार ठेवला आणि टेंभाही बांधला. "गुरुजी, पोयाच्या आंधी हे जायून टाकू का? बैलाले चावतीन," असे त्याने विचारले. दरवर्षी याच दिवशी गोठ्यातली पोळी जाळली जातात, हे मला ठाऊक असायला हवे होते. त्याला जाळीतून हिरवा गोळा घेऊन आत जाणारी माशी दाखवली आणि ती उंटअळी आहे हे सांगितले. तो बराच वेळ पाहत राहिला. "मंग राहू द्या," एवढेच म्हणाला आणि मयालीचा तो तीन फूट भाग सोडून बाकी सगळा चुना स्वतःच्या हाताने मारला. ओल्या चुन्याच्या वासाने माश्या उठतील अशी मला भीती होती, पण तसे काही झाले नाही. जाळीच्या एका बाजूला बिजागरीही त्यानेच बसवून दिली.

९ सप्टेंबर

हल्ल्यातून वाचलेल्या, म्हणजे पांढरीच्या, अंड्यांपैकी पहिली माशी ५ तारखेला बाहेर आली आणि आज चौथी आली. रात्रीची संख्या १६. पहाटे बिजागरीचे दार उघडून चौघींना खुणा केल्या; पाच मिनिटांचे काम झाले.

२८ सप्टेंबर

१४ क्रमांकाच्या अळीने कप्प्याच्या तोंडाशी रेशमाचे पांढरे झाकण विणले. तूर फुलावर यायची आहे आणि कापसाची पहिली वेचणी जवळ आली आहे, त्यामुळे निरीक्षण फक्त रविवारी होईल.

१७ ऑक्टोबर

सोयाबीनच्या मळणीमुळे दोन आठवडे वही उघडली नव्हती. आज सकाळी पुतणीने शाळेत निरोप पाठवला, की १४ क्रमांकाचे झाकण आतून कुरतडले जात आहे. मधल्या सुटीत सायकलने घरी आलो तोवर माशी बाहेर येऊन कप्प्याच्या कडेवर बसली होती. अंडे घातल्यापासून हा ५८ वा दिवस.

नर की मादी हे ठरवण्यासाठी शृंगिकेचे (डोक्यावरच्या मिशीचे) खंड मोजावे लागतात: मादीला १२, नराला १३. जिवंत माशीवर भिंगाने मोजण्याचा प्रयत्न केला, पण शृंगिका एक क्षणही स्थिर राहीनात. शेवटी मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे भिंग धरून जाळीबाहेरून चाळीसेक फोटो काढले. त्यांतील तीन कामाचे निघाले. मोठे करून मी मोजले तेव्हा बारा आले. पहिला लांब खंड धरला की नाही याची खात्री नसल्याने पुतणीला माझा आकडा न सांगता दुसऱ्या फोटोवर मोजायला लावले. तिलाही बारा मिळाले. तिसऱ्या फोटोवर दोघांनी एकत्र मोजले, बाराच. हिरवीचे मीलन झालेले आहे.

नव्या माशीला उद्या पहाटे खूण करायची आहे. पांढऱ्या रंगाची बाटली संपत आली असली, तरी एका ठिपक्यापुरता रंग तळाशी उरला आहे.